मॉनिटर कोणाशी बोलतोय?

(दीक्षान्त भाषण, चांदीप, ता. वसई)



३० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने आणि तिथल्या सायबर सुरक्षा यंत्रणेने एका पेशंट मॉनिटरबद्दल इशारा दिला. कॉन्टेक सीएमएस ८००० हे त्याचं नाव. खाटेशेजारी राहून नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन दाखवणारा चिनी बनावटीचा साधा मॉनिटर. इंटरनेटला जोडला की तो रुग्णाचा तपशील एका पत्त्यावर पाठवत असे. हा पत्ता त्याच्या आज्ञावलीतच कायमचा लिहिलेला होता, आणि तो कंपनीचा नव्हे, तर एका विद्यापीठाचा निघाला. त्याच पत्त्यावरून फायली उतरवून स्वतःत भरून घेण्याची चोरवाटही त्यात होती. सल्ला सरळ होता: नेटवर्कची केबल काढा, वायफाय बंद करा, आणि ते बंद होत नसेल तर मॉनिटर वापरू नका.

आता विरार, नालासोपारा, वसईतलं वीस खाटांचं एखादं नर्सिंग होम डोळ्यांपुढे आणावं. मॉनिटर डीलरकडून येतो, डीलरचा माणूस तो लावतो, वायफायचा पासवर्ड विचारतो आणि चहा पिऊन निघून जातो. त्या दिवसापासून मॉनिटर कोणाशी काय बोलतो, हे बघणारं कोणी नसतं. डॉक्टर रुग्ण बघतात, नर्स आकडे बघते, बिलिंगवाला बिलं बघतो.

कृत्रिम बुद्धिमत्तेचं खरं काम इथे आहे आणि ते तसं कंटाळवाणं आहे. शिरेतून औषध सोडणाऱ्या इन्फ्युजन पंपाचं वागणं ठरलेलं असतं: एकाच सर्व्हरशी, साधारण सारख्याच अंतराने, थोडक्या माहितीची देवाणघेवाण. एमआरआय मोठ्या फायली पाठवतो, पण त्या फक्त प्रतिमांच्या सर्व्हरला. नेटवर्कवरची ही ये-जा काही आठवडे नुसती ऐकून शिकणाऱ्या प्रणाली आज उपलब्ध आहेत. सोसायटीच्या जुन्या वॉचमनला जसं कोण किती वाजता येतं हे पाठ असतं, तसं त्यांना यंत्रांचं वेळापत्रक पाठ होतं. पंपाने रात्री तीन वाजता परदेशातल्या एखाद्या अनोळखी पत्त्याशी संपर्क साधला, तर त्या ताबडतोब बोट दाखवतात.

‘नुसती ऐकून’ हे संगणकाच्या स्नातकांनी नीट लक्षात घ्यावं. ऑफिसच्या संगणकांची तपासणी करणारं स्कॅनर जुन्या वैद्यकीय यंत्रावर चालवलं, तर ते यंत्र अडकून बसू शकतं. आणि ते रुग्णाला जोडलेलं असू शकतं. एमआरआय किंवा सीटी दहा-पंधरा वर्षं सहज चालतात. अशा जुन्या यंत्रांत असलेल्या विंडोज ७ ला मिळणारा आधार १४ जानेवारी २०२० रोजी संपला, म्हणून कोणी कोट्यवधींचं यंत्र भंगारात काढत नाही. त्यावर आपल्या मनाने अँटिव्हायरसही टाकता येत नाही, कारण त्यासाठी उत्पादकाची मंजुरी लागते. यंत्राला हात न लावता त्याच्या भोवती पहारा बसवायचा, एवढंच उरतं.

महाराष्ट्राला या सुरक्षेच्या विषयाची ओळख फारशा अभिमानास्पद पद्धतीने झालेली नाही. ग्रीनबोन या जर्मन सुरक्षा कंपनीने २०१९ मध्ये जगभरचे एक्स-रे, सीटी, एमआरआय साठवणारे सर्व्हर तपासले. कसलंही कुलूप नसलेले, इंटरनेटवर कोणालाही उघडता येणारे असे सर्व्हर तिला शेकड्यांनी सापडले. भारतातल्या राज्यांत पहिला नंबर महाराष्ट्राचा होता: ३ लाखांहून अधिक तपासण्या, जवळपास ७ कोटी प्रतिमा. कर्नाटक दुसरं. हे कुणी फोडलेलं नव्हतं, उघडंच पडलेलं होतं. या प्रतिमा ज्या डायकॉम पद्धतीने साठवतात आणि पाठवतात, ती रुग्णालयाच्या चार भिंतींच्या आत वापरण्याच्या भरवशावर घडली. पुढे घरून रिपोर्टिंग सुरू झालं, दुसऱ्या शहरातल्या रेडिऑलॉजिस्टला फिल्म दिसायला हवी म्हणून कोणीतरी राउटरमध्ये एक वाट उघडली, आणि ती उघडीच राहिली. अशी वाट शोधायला कृत्रिम बुद्धिमत्तेचीही गरज नाही. एक यादी आणि ती तपासणारा एक माणूस पुरतो.

रॅन्समवेअरही दूरचं नाही. जुलै २०१८ मध्ये नवी मुंबईत वाशीच्या एमजीएम रुग्णालयाची संगणक प्रणाली कुलूपबंद करून बिटकॉइनमध्ये खंडणी मागितली गेली. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर तीच वेळ आली. ओपीडीची नोंदणी, नमुने, अहवाल सगळं हाताने करावं लागलं, तेही जवळपास दोन आठवडे. सरकारने नंतर संसदेत सांगितलं की पाच सर्व्हर बाधित झाले, सुमारे १.३ टेराबाइट माहिती कुलूपबंद झाली, आणि हल्ल्याला वाट मिळाली ती नेटवर्कचे भाग नीट वेगळे न केल्यामुळे. देशातल्या सर्वात नावाजलेल्या रुग्णालयाचा दोष हा असेल, तर गल्लीतल्या रुग्णालयात बिलिंगचा संगणक, पाहुण्यांचं वायफाय आणि आयसीयूतला मॉनिटर एकाच राउटरवर असणं नवलाचं नाही.

संगणक बंद पडला म्हणून माणूस मरतो का, असं विचारणारे अजूनही भेटतात. जून २०२४ मध्ये लंडनच्या मोठ्या रुग्णालयांना रक्ततपासणी पुरवणाऱ्या सिनोव्हिस या संस्थेवर हल्ला झाला. रक्तगट जुळवण्याचं काम इतकं मंदावलं की डॉक्टरांना सरसकट ‘ओ’ गटाचं रक्त वापरावं लागलं आणि त्या गटाच्या रक्तदात्यांसाठी जाहीर आवाहन निघालं. वर्षभराने किंग्ज कॉलेज रुग्णालयाने मान्य केलं की त्या काळात एका रुग्णाच्या मृत्यूला जी कारणं मिळून जबाबदार ठरली, त्यांत रक्ताच्या अहवालाला झालेला उशीर हेही एक होतं.

हल्लेखोरांच्या हातातही हीच कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. इस्रायलमधल्या बेन-गुरियन विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ मध्ये फुप्फुसाच्या सीटी स्कॅनमध्ये कर्करोगाच्या खोट्या गाठी घालून आणि खऱ्या पुसून दाखवल्या. अनुभवी रेडिऑलॉजिस्ट बहुतेक वेळा फसले. परवानगी घेऊन एका खऱ्या रुग्णालयात छोटंसं उपकरण बसवून त्यांनी वाटेतले स्कॅन अडवूनही दाखवले. गंमत अशी की यावरचा उतारा जुनाच आहे: स्कॅन निघतानाच त्यावर डिजिटल सही करायची आणि तो सांकेतिक रूपात पाठवायचा. प्रत्येक दुखण्यावर ‘एआय’ विकणारे सेल्समन लवकरच तुमच्या केबिनमध्ये येतील. स्कॅनवर सही होते का आणि तो सांकेतिक रूपात जातो का, हा प्रश्न त्यांना जरूर विचारा.

दुसरा प्रश्न नर्सिंगच्या स्नातकांनी विचारायचा: यंत्र तोडायचं हे कोणी ठरवायचं? संशय आला की यंत्राला नेटवर्कवरून आपोआप तोडणाऱ्या प्रणाली असतात. ते यंत्र बिलिंगचा संगणक असेल तर तोडा खुशाल. पण आयसीयूतला मध्यवर्ती मॉनिटर तुटला, तर नर्सला एका जागी बसून दिसणारे आठ रुग्ण एकदम दिसेनासे होतात. मग आठ खाटांपाशी कोणीतरी उभं राहायला हवं. किती जणी ड्युटीवर आहेत, हे अल्गोरिदमला माहीत नसतं. म्हणून तोडायचं की नाही हा निर्णय वॉर्डात, सिस्टरच्या संमतीने व्हायला हवा, आणि तो कसा घ्यायचा हे आधीच लिहून ठेवलेलं हवं. आयसीयूत आधीच इतके अलार्म वाजत असतात की कान बधिर होतात. त्यात रोज पन्नास खोटे इशारे देणारी प्रणाली आणली, तर आठवड्यात तिचा आवाज बंद केला जाईल.

या तालुक्याने आयसीयूतला निष्काळजीपणा जवळून पाहिला आहे. २३ एप्रिल २०२१ च्या पहाटे विरारच्या विजय वल्लभ रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागात आग लागली. त्या दिवशी १३ कोविड रुग्ण गेले. फायर ऑडिट, एनओसी, विजेची तपासणी हे शब्द त्यानंतर वसई-विरारमध्ये घरोघरी पोहोचले. नेटवर्कच्या ऑडिटबद्दल अजून कोणी विचारत नाही.

चांदीपच्या आसपासचा रुग्ण शेवटी विरार-वसईच्या छोट्या रुग्णालयांतच पोहोचतो, आणि तिथे महागडी प्रणाली घ्यायला पैसे नाहीत. तिथे कामाला सुरुवात वहीपासून होईल: कोणतं यंत्र, कोणतं मॉडेल, कोणती विंडोज, कोणत्या राउटरवर, डीलरचा माणूस दुरुस्तीसाठी बाहेरून कसा आत येतो. पुढे दहा-बारा रुग्णालयांनी मिळून एक पहारा प्रणाली घेतली, तरी तिला शिकायला हीच वही लागेल. आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या आदेशानुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवावी लागते. रविवारी रात्री अकराला स्क्रीनवर खंडणीची चिठ्ठी उमटली, तर फोन कोण करणार, त्याचं नाव आणि नंबर त्या वहीच्या पहिल्या पानावर असावा.