पोटातील वारा आणि मनातील संकोच

(मंडळाच्या माथेरान येथील वार्षिक स्नेहसंमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



कार्यकारी मंडळाने आम्हांस येथे चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तेव्हा शिक्षण किंवा संस्कार असा एखादा विषय आम्ही घेऊ, अशी त्यांची अपेक्षा असावी. आम्ही घेतला आहे तो विषय पोटात कोंडणाऱ्या वाऱ्याचा. हे ऐकून तरुण मंडळींनी तोंडाला रुमाल लावलेले येथून दिसतात. त्यांनी अवश्य हसावे. परंतु हसता हसता ऐकावेही.

आम्ही जुन्या अकरावीची मॅट्रिक झालेले शिक्षक. वैद्यकीचा अधिकार आम्हांस नाही. जे सांगावयाचे ते डॉक्टरांकडून समजावून घेतलेले आणि स्वतः भोगलेले आहे.

प्रथम एक कबुली. सुमारे तीस वर्षांपूर्वी गणिताच्या तासाला एका मुलाच्या पोटातून वारा सरला. वर्ग हसला आणि आम्ही त्या मुलास तास संपेपर्यंत बाहेर उभे केले. त्यानंतर तो मधल्या सुटीत डबा उघडीनासा झाला. दुपारी काही खाल्लेच नाही तर पुन्हा फजिती होणार नाही, असा त्या बालजीवाचा हिशेब! तो आम्हांस कळला तेव्हा वर्ष संपत आले होते. पुढे पन्नाशीच्या आत आमच्याच पोटाने तीच शिक्षा आम्हांस दिली. पोट नगाऱ्यासारखे फुगावे, कळ यावी, शौचास जाऊन आल्यावर काहीसे बरे वाटावे, कधी मलावरोध तर कधी ढाळ. चार वर्षे आम्ही या संमेलनास आलो नाही. गुडघा, पाहुणे, परीक्षेचे पेपर अशी निमित्ते कळविली. खरे कारण पंक्तीची भीती हे होते.

आता या डोंगराचेच उदाहरण घेऊ. माथेरान समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंच आहे. नेरळला घेतलेले वेफर्सचे पाकीट येथे आणल्यावर अधिक फुगलेले दिसते, कारण वर हवेचा दाब जवळजवळ दशांशाने कमी होतो आणि कोंडलेला वायू तितकाच प्रसरण पावतो. मग पोटातला वायूही फुगणार नाही काय? फुगतो, परंतु किती? निरोगी माणसाच्या आतड्यांत एका वेळी सुमारे २०० मिलिलिटरपर्यंत वायू असतो. त्याचा दशांश म्हणजे २० मिलिलिटर, अर्थात चहाचे चार चमचे. तेव्हा येथे येऊन पोट फुगले तर दोष डोंगरास देऊ नये. वाटेतले थंड सोड्याचे पेय, घाईचे खाणे, आणि १९०७ साली सुरू झालेल्या आपल्या लाडक्या छोट्या गाडीत भिडस्तपणे दाबून धरलेला वारा यांचा वाटा त्याहून मोठा असतो.

वायू होतो कसा? काही बोलताना व घाईने जेवताना गिळलेल्या हवेतून येतो. उरलेला मोठ्या आतड्यात तयार होतो. कडधान्यांतील काही शर्करा पचविणारे पाचकद्रव्य मनुष्याच्या शरीरात नसते. त्या तशाच पुढे जातात आणि तेथील जंतू त्या आंबवून वायू करतात. गहू, कांदा व लसूण यांतील काही घटकांची, आणि ज्यांना दूध सोसत नाही त्यांच्या बाबतीत दुधातील शर्करेचीही, हीच गत होते. दिवसातून दहा ते वीस वेळा वारा सरणे हा रोग नसून देहधर्म होय.

मग विकार कोणता? डॉक्टर त्यास ‘इरिटेबल बाऊल सिंड्रोम’ म्हणतात. आपण त्यास चिडखोर आतडे म्हणू. यात वायू इतरांपेक्षा फार जास्त असतोच असे नाही. पुष्कळदा तो तितकाच असतो. परंतु आतड्याच्या मज्जातंतूंची संवेदना तीव्र झालेली असल्याने थोडा ताणही वेदना होऊन जाणवतो. मेंदू आणि आतडे यांचे सतत दळणवळण असते, म्हणून चिंता वाढली की पोट बिघडते आणि पोट बिघडले की चिंता वाढते. ‘हे सारे तुमच्या मनाचे खेळ आहेत’ असे रुग्णास म्हणणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे. वेदना खरीच असते.

वारा कोंडला असता करावयाचे उपाय साधे आहेत. पहिला, चालणे. जेवणानंतर आडवे न होता दहा-पंधरा मिनिटे सावकाश चालावे. उभ्या स्थितीत वायू लवकर पुढे सरकतो. ज्या गावात खाजगी मोटारीस प्रवेश नाही, त्या गावात हे औषध विनामूल्य मिळते! दुसरा, पवनमुक्तासन. उताणे निजून एकेक गुडघा, मग दोन्ही, छातीकडे घ्यावे व श्वास संथ ठेवावा. हर्निया असलेल्यांनी किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी ते करू नये. तिसरा, पोटावर गरम पाण्याची पिशवी. चौथा आणि मुख्य उपाय, वेग आला असता बाजूला जाऊन तो मोकळा करणे. ओवा-हिंगाने कित्येकांना आराम पडतो. मात्र बाजारच्या हिंगात पुष्कळदा मैदा मिसळलेला असतो, हे गहू न सोसणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. इसबगोल थोड्या प्रमाणापासून सुरू करून भरपूर पाण्याबरोबर घ्यावा. पेपरमिंट तेलाच्या कॅपसूलही मिळतात; त्या डॉक्टरांच्या सल्ल्याने घ्याव्यात, कारण काहींना त्यांनी छातीत जळजळते.

आहाराविषयी ऑस्ट्रेलियातील मोनॅश विद्यापीठाच्या संशोधकांनी २००५ पासून एक पद्धती पुढे आणली. आंबणाऱ्या शर्करांचे पदार्थ दोन ते सहा आठवडे कमी करावयाचे, आणि मग एकेक पदार्थ परत घेऊन कोणता सोसतो ते पाहावयाचे. हे दुसरे पाऊल विसरू नये. सारेच कायमचे सोडले तर शरीराचे पोषण खुंटते. आम्ही वहीत नोंदी ठेवल्या. भात, नाचणी, काकडी, गाजर आम्हांस मानवले. कच्चा कांदा आणि रात्रीचे दूध मानवले नाही. दुसऱ्याची यादी निराळी निघेल.

आणि वाल? कर्जत-खालापूरकडे भातानंतर शेतात वाल होतो. तो सोडावा असे आम्ही कसे म्हणू? आपल्या आजीबाई वाल भिजवून, पाणी ओतून देऊन, मोड आणून, सोलून बिरडे करीत. भिजवण व मोड यांनी त्या शर्करा कमी होतात, हे आता शास्त्रही सांगते. घाईच्या स्वयंपाकघरात ही पायरी गाळली जाते. तरीही वाटीभराऐवजी दोन चमचेच घ्यावे, हे उत्तम.

आता गंभीर गोष्ट. प्रत्येक तक्रार ‘गॅस’ या सदरात टाकू नये. शौचातून रक्त पडणे, वजन आपोआप घटणे, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठविणारी वेदना किंवा ढाळ, पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेला त्रास, घराण्यात आतड्याचा कर्करोग, यांपैकी काही असल्यास विनाविलंब तपासणी करावी. छातीत दडपण, घाम, धाप, हात किंवा जबड्याकडे जाणारी कळ असेल, तर सोडा पीत बसू नये. तो हृदयविकार असू शकतो. येथून खाली उतरण्यास वेळ लागतो, म्हणून येथे तर रुग्णवाहिका तत्काळ बोलवावी.

आम्ही स्वतः लाजेपायी कित्येक वर्षे डॉक्टरांकडे गेलो नाही. गेलो तेव्हा तपासण्या निर्दोष निघाल्या, आणि ‘तुमच्यासारखे पुष्कळ आहेत’ या एका वाक्याने निम्मे दुखणे हलके झाले. तेच वाक्य आज आम्ही या सभागृहात, ज्यांनी कोणासही काही सांगितलेले नाही, त्यांना सांगत आहोत.

शेवटी पंक्तीविषयी दोन विनंत्या. आग्रह हे आपल्या ज्ञातीचे भूषण खरे. परंतु ‘नको’ म्हणणाऱ्यास कारण विचारू नये आणि पानात जबरीने वाढू नये. तसेच कोणी मध्येच उठून गेला तर त्याच्याकडे वळून पाहू नये. एवढे आपण पाळले तर निमित्ते कळवून घरी बसलेले आपले काही बांधव पुढील वर्षी येथे दिसतील. आणि घरातील मुलाच्या पोटातून आवाज आला तर त्यास हसू नका, बाहेर उभे करू नका. तो डबा पुन्हा उघडावयास लावणे आम्हांस जमले नाही, आपणांस जमावे.

भोजनाची वेळ होत आली आहे. सावकाश जेवावे, इतके सांगून आम्ही आपली रजा घेतो.