विघटनशील पिशव्या आणि हवेतील दमटपणा
(नारायणगुडा, हैदराबाद येथे शिक्षक व ग्रामस्थांसमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



आपण ज्या शहरात जमलो आहोत, त्या हैदराबादच्या प्रगत प्रणाली प्रयोगशाळेने विकसित केलेल्या विघटनशील पिशव्या २०२१ साली तिरुमला येथे प्रसादाच्या लाडवांसाठी विक्रीस ठेवण्यात आल्या. पुढे १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरावयाच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आली. अशा पिशव्या आता खेड्यापाड्यांतही पोहोचत आहेत. त्या साठवाव्यात कशा, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

उन्हाळ्यात वाळविलेला साबुदाण्याचा पापड वाकविताच तुटतो. तोच पावसाळ्यात उघडा राहिल्यास सादळतो. पिष्टापासून केलेल्या पापुद्र्याचेही तसेच आहे. पिष्टाच्या रेणूंना पाण्याची ओढ असते. बाष्प आत शिरले की रेणूंच्या साखळ्यांमधील बंध सैल होतात. पापुद्रा लवचीक होतो, पण त्याचे बळ घटते. तो फुगतो, चिकटतो आणि त्यातून बाष्प सहज आरपार जाते. कोरड्या हवेत तोच ठिसूळ बनतो. म्हणून पिष्टात पाणी कमी शोषणारी विघटनशील बहुवारिके मिसळण्यात येतात. पॉलिलॅक्टिक आम्लाचा पापुद्रा पाणी फारसे शोषीत नाही. तथापि उष्ण व दमट जागी दीर्घकाळ राहिल्यास त्याच्याही साखळ्या तुटू लागतात.

शिक्षकांनी वर्गात एक सोपा प्रयोग करावा. बरणीत मिठाचे संपृक्त द्रावण घ्यावे. तळाशी थोडे मीठ न विरघळता राहू द्यावे. झाकण घट्ट लावल्यास आतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्के राहते. पिशवीची एक पट्टी द्रावणास न लागेल अशी आत टांगावी. तेवढीच दुसरी पट्टी सिलिका जेल ठेवलेल्या कोरड्या बरणीत टांगावी. दोन-तीन दिवसांनी दोन्ही ताणून पाहाव्यात.

जो ओलावा साठ्याचा शत्रू, तोच कुजण्याच्या क्रियेचा साहाय्यक होय. कोरड्या उकिरड्यावर फेकलेली पिशवी अपेक्षित मुदतीत कुजत नाही. तिला ओलावा, ऊब आणि सूक्ष्मजीव लागतात. काही प्रकारांना तर मोठ्या खत-प्रकल्पातील सुमारे ५८ अंश सेल्सिअस उष्णता आवश्यक असते.

म्हणून ग्रामपंचायतींनी व दुकानदारांनी आयएस १७०८८ या मानकाची खात्री करूनच खरेदी करावी, एका मोसमापुरताच साठा ठेवावा आणि तो बंद वेष्टनात, कोरड्या व सावलीच्या जागी, जमिनीपासून उंचावर रचावा. वापरलेल्या पिशव्या ओल्या कचऱ्यासोबत खत-प्रकल्पाकडे पाठवाव्यात. पहिल्याच पावसाळ्यात साठा वाया गेला, तर गावाचा पैसा जाईल आणि लोक पुन्हा प्लॅस्टिककडे वळतील. तसे होऊ न देणे आपल्याच हाती आहे.