मुलाच्या वाचेसाठी वाट पाहू नका
(देवळाली कॅम्प येथे पालकांपुढे दिलेले भाषण)



अपिलाची मुदत टळली, तर पुरेसे कारण दाखवून तो विलंब माफ करून घेता येतो, अशी सोय 1963 च्या मुदतीच्या कायद्यात आहे. बालकाच्या पहिल्या वर्षांत दवडलेल्या काळाला अशी माफी नाही. कारण मेंदूची वाढ याच वर्षांत सर्वांत वेगाने होते. म्हणून “याचा बाप तरी कुठे लवकर बोलला?” एवढ्यावर समाधान मानून बसणे योग्य नव्हे.

वर्षाचे मूल हाकेला वळत नाही, बोटाने काही दाखवीत नाही. दीड वर्षाचे मूल एकही शब्द बोलत नाही. दोन वर्षांचे मूल दोन शब्द जोडीत नाही. किंवा येत असलेले शब्द हरवले. तर त्याची तपासणी त्वरित करावी. प्रथम कान तपासावेत. गंडेदोरे व नवस आपण सोडले आहेत; ते या निमित्ताने पुन्हा घरात येऊ देऊ नयेत. पूर्वजन्मीचे फळ म्हणून मातेस दोष देणे, हा तर उघड अन्याय होय.

वाचा-उपचार म्हणजे शब्दांची घोकंपट्टी नव्हे. मनातले दुसऱ्यास कळविणे, हे त्याचे मूळ होय. पाणी हवे असता मुलाने पेल्याकडे बोट दाखविले, चित्र पुढे केले, तरी ते बोलणेच समजावे. खुणांमुळे मूल बोलावयाचे राहते, ही भीती निराधार आहे. तज्ज्ञाजवळ मूल घटकाभर असते. उरलेला दिवस ते तुमच्यापाशी असते. भाकरी थापताना, अंघोळ घालताना त्याच्याकडे पाहून सोपे बोला आणि उत्तरासाठी थोडे थांबा. घरची मराठी सोडून तोडके इंग्रजी बोलण्याचे कारण नाही.

आता हक्काविषयी. 2013 साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील बालकांची तपासणी वर्षातून दोनदा करावयाची असते. पुढील उपचारांसाठी जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांची योजना आहे. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, 2016 याच्या कलम 25 मध्ये सर्व बालकांची वर्षातून एकदा तरी तपासणी सांगितली आहे. कलम 31 अन्वये किमान 40 टक्के दिव्यांगत्व प्रमाणित झालेल्या 6 ते 18 वयाच्या मुलास मोफत शिक्षणाचा हक्क आहे. त्यासाठी प्रमाणपत्र लागेल. परंतु उपचार आरंभण्यासाठी त्याची वाट पाहू नका.

अंगणवाडीत तपासणीचा दिवस विचारा. नाशिकच्या जिल्हा रुग्णालयात बालरोगतज्ज्ञास भेटा. प्रत्येक कागद जपून ठेवा.

ज्यांचे वय उलटले आहे त्यांनीही निराश होऊ नये. उशिरा आरंभिलेले उपचारही वाया जात नाहीत. मात्र ज्यांच्या हाती आज वेळ आहे, त्यांनी तो उद्यावर ढकलू नये. ज्या मुलाला आपले गाऱ्हाणे स्वतः मांडता येत नाही, त्याची वकिली प्रथम त्याच्या आईबापांनीच करावयाची आहे.