सनद कुठंय?

कुणाला फॉलो करावं, हे बाळापुरात येऊन सांगायचं म्हणजे जरा धाडसच. इथली नक्शबंदी खानकाह पिढ्यान्‌पिढ्या हेच शिकवत आली आहे. पीराचा हात धरण्याआधी शजरा पाहायचा: यांना इजाजत कुणी दिली, त्यांना कुणी दिली. हदीसच्या आलिमांनी तर हजारो रावींची माहिती लिहून ठेवली. कोण कुठं राहिला, कुणाला प्रत्यक्ष भेटला, म्हातारपणी त्याची याददाश्त कमी झाली होती का. दोन रावींची भेटच झालेली नसेल, तर मजकूर कितीही गोड असो, सनद तुटली. आणि आपण? पाच लाख फॉलोअर दिसले की अंगठा दाबला!

मी सॉफ्टवेअरवाला आहे, म्हणून यंत्राच्या आतलं थोडं सांगतो. कोणती पोस्ट वर दाखवायची हे ठरवताना फेसबुकने 2017 पासून रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं. अशा पोस्टमध्ये खोट्या माहितीचं प्रमाण जास्त असतं, हे त्यांच्याच लोकांच्या लक्षात आलं. शेवटी 2020 मध्ये त्यांनी ते वजन शून्यावर आणलं. पण तुम्ही किती वेळ थांबलात, काय लिहिलंत, कुणाला पाठवलंत, याचा हिशेब आजही चालूच आहे. तुम्ही शिवी देण्यासाठी कमेंट केली तरी यंत्र समजतं, या पोराला हे आवडतंय.

आपल्या भागाला याची किंमत माहीत आहे. नोव्हेंबर 2021 मध्ये त्रिपुरातल्या घटनांवरून अमरावती पेटली, संचारबंदी लागली, इंटरनेट बंद झालं. 13 मे 2023 च्या रात्री अकोल्याच्या जुन्या शहरात इन्स्टाग्रामवरच्या एका पोस्टवरून दंगल झाली. त्यात एक माणूस जिवानिशी गेला. अशा वेळी पोलीस ठाण्याबाहेर रात्र काढणारी आई अकोल्याचीच असते. आग लावणारं अकाउंट कुठलंही असू शकतं.

काही जण म्हणतात, भाई, विरोधक काय बोलतात ते कळायला नको का? कळू द्या की. त्यासाठी आठवड्यातून एकदा सर्च करा. फॉलो करून त्यांचा आकडा तुम्ही कशाला वाढवता?

मला जास्त काळजी आपल्याच नावाच्या अकाउंटची वाटते. मागे दर्दभरं नशीद, पडद्यावर रडणारं मूल. तारीख नाही, गाव नाही, खाली अत्तराची जाहिरात. आपल्या जखमेवर त्यांचं दुकान चालतं. त्यांना सरळ विचारा: हा व्हिडिओ कुठला, कधीचा, तुम्हाला कुणी दिला? उत्तर देणारा राहू द्या. ब्लॉक करणाऱ्याने तुमचं काम सोपं केलं. आणि चूक झाली तर ती पोस्ट गुपचूप उडवतो की चुकलो असं लिहितो, हेही बघा. चुकलो म्हणणारा मला कधीच न चुकणाऱ्यापेक्षा जास्त भरवशाचा वाटतो.

2017 मध्ये ऑल्ट न्यूज सुरू करणारे प्रतीक सिन्हा सॉफ्टवेअर इंजिनिअर होते, आणि सोबतचे मोहम्मद झुबेर हेही इंजिनिअरच. त्यांची बातमी वाचताना निष्कर्षाआधी पद्धत बघा: जुना फोटो कसा शोधला, मूळ व्हिडिओपर्यंत कसे पोहोचले. ते शिकलात तर प्रत्येक वेळी त्यांची वाट पाहावी लागणार नाही.

बाकी लिस्टमध्ये कामाची माणसं घ्या. एमपीएससीचं अधिकृत पान, कापसाचे भाव सांगणारा, आपल्यापेक्षा वेगळं मत सभ्यपणे मांडणारा एखादा तरी. आणि भावांनो, बहीण कुणाला फॉलो करते यावर पहारा देणारे खूप आहेत. स्वतःची लिस्ट शेवटची कधी उघडली होती?

आता फोन काढा. इन्स्टाग्रामवर प्रोफाइल, मग फॉलोइंग. मगरिबला अजून वीस मिनिटं आहेत. जिथे अडेल तिथे हात वर करा, मी येतो.