कानाकडे कानाडोळा नको
कान दुखला की आपल्याकडे लसणाची पाकळी तेलात कढवून ते कोमट तेल कानात सोडतात. साध्या दुखण्यात खपून जातं. पण रुग्ण साठी उलटलेला, मधुमेही, रात्रीची झोप उडवणारा ठणका आणि कान वाहतोय, असं असेल तर घरगुती उपायांत दिवस घालवू नका.

कारण हा बाहेरच्या कानाचा संसर्ग कातडीवर थांबत नाही, कवटीच्या तळाच्या हाडात उतरतो. बहुतेकदा मागे स्यूडोमोनास नावाचा जंतू असतो. १९६८ साली डॉ. चँडलर यांनी या आजाराला 'मॅलिग्नंट' म्हटलं. मी कवी, शब्दांच्या बाबतीत चिकित्सक; हा शब्द फसवा आहे, कारण हा कर्करोग नव्हे. पण तेव्हा पुष्कळ रुग्ण दगावत, हेही खरं. चेहऱ्याची नस सापडली की तोंड वाकडं होतं आणि घरचे त्याला लकवा समजतात.

इथे एका औषधावर भागत नाही. नुसते थेंब हाडापर्यंत पोचत नाहीत. स्राव तपासून सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं प्रतिजैविक पोटातून किंवा शिरेतून द्यावं लागतं, बहुधा ६ ते ८ आठवडे. जंतू दाद देत नसेल तर सेफ्टाझिडिमसारख्या दुसऱ्या औषधाची जोड. सोबत साखर काटेकोर आटोक्यात आणि तज्ज्ञाच्या हातून कानाची सफाई. शस्त्रक्रिया क्वचितच लागते. काही ठिकाणी वाढीव दाबाखाली प्राणवायू देतात, पण त्याचा पुरावा तोकडा आहे.

ठणका आधी थांबतो, आणि तिथेच गोळ्या सुटतात. हाडातला जंतू मात्र तेव्हा जिवंत असू शकतो.