दिवा हिरवा, आकडा चुकीचा



 परिषदेच्या अध्यक्षानं साऱ्या क्षेत्राचा आढावा घ्यावा असा प्रघात आहे. तो बाजूला ठेवून मी एकाच गोष्टीवर बोलणार आहे. दोन उपकरणांत संवाद सुरू झाला की त्यांना एकमेकांचं समजलं असं आपण गृहीत धरतो. हे गृहीतक धोक्याचं आहे.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान-५ रॉकेट पहिल्यांदा झेपावलं. मुख्य इंजिन पेटल्यापासून सुमारे ३७ सेकंदांनी त्याची दिशादर्शक यंत्रणा बंद पडली. ६४ बिटांची संख्या १६ बिटांत मावली नाही, हे कारण आपण सगळे जाणतो. पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही. बंद पडताना त्या यंत्रणेनं बिघाडाची माहिती मुख्य संगणकाकडे पाठवली आणि संगणकानं ती उड्डाणाची माहिती समजून वाचली. नोझल टोकापर्यंत वळले, रॉकेट भरकटलं आणि फुटलं. संदेश पोहोचला होता, घेणाऱ्यानं त्याचा अर्थ भलताच लावला.

आपल्या प्लँटमध्ये हे लहान प्रमाणात रोज घडतं. मॉडबस हा प्रोटोकॉल १९७९ सालचा. १६ बिटांचं रजिस्टर कसं पाठवायचं ते त्यानं ठरवून दिलं. ३२ बिटांची दशांश संख्या दोन रजिस्टरांत कोणत्या क्रमानं भरायची, ते उत्पादकांवर राहिलं. सीआरसी तपासणी वाटेत बिट बदलला का एवढंच सांगते, त्या बिटांचा अर्थ तिच्या कक्षेत येत नाही. उदाहरणार्थ, शीतगृहात तापमान उणे १८.५ अंश असतं. ट्रान्समीटर ते दहापट करून उणे १८५ असं पाठवतो. पीएलसीनं ते बिनचिन्ह संख्या म्हणून घेतलं की ६५३५१ होतात आणि पडद्यावर ६५३५.१ अंश झळकतात.

ही चूक निदान डोळ्यांत भरते. मला भीती वाटते ती न दिसणाऱ्या चुकीची. मॅन्युअलमध्ये ४०००१ छापलेलं रजिस्टर संदेशात शून्य क्रमांकाचं असतं. हा एकाचा फरक राहून गेला की आर फेजच्या जागी वाय फेजचं व्होल्टेज दिसतं. एक २३१, दुसरं २३२. अलार्म येत नाही, लॉगशीट व्यवस्थित भरली जाते. एक फेज खरोखर जाते तेव्हा ऑपरेटर भलत्याच फ्यूजपाशी उभा असतो.

४-२० मिलिअँपच्या काळात आपण प्रत्येक लूप तपासत होतो. कॅलिब्रेटरनं १२ मिलिअँप द्यायचे, पडद्यावर ५० टक्के दिसले की सही करायची. डिजिटल आलं, कम्युनिकेशनचा हिरवा दिवा लागला आणि ही शिस्त सुटली. माझ्या मते गेल्या काही दशकांतलं आपल्या व्यवसायाचं हे मोठं नुकसान आहे.

उपकरणांनी आपसात काही तपासणी करावी, अशी सोय नव्या प्रोटोकॉलांत आहे. प्रोफिबस डीपीत मास्टरनं पाठवलेली रचना जुळली नाही तर स्लेव्ह देवाणघेवाण सुरूच करत नाही. आयईसी ६१८५० मध्ये प्रत्येक गूस संदेशासोबत डेटासेटच्या रचनेचा आवृत्ती-क्रमांक जातो. एका बाजूनं रचना बदलली तर तो जुळत नाही आणि घोळ तिथेच उघडा पडतो. ओपीसी यूए मूल्याबरोबर त्याचा प्रकार, दर्जा आणि वेळ पाठवतं. तरीही दाब बारमध्ये धरायचा की केजी पर चौरस सेंटिमीटरमध्ये, हे माणसालाच पाहावं लागतं. दोन्ही आकडे इतके जवळचे आहेत की नजर सहज फसते.

म्हणून तरुण कमिशनिंग इंजिनिअर मित्रांना माझी विनंती आहे. शून्य टाकून चाचणी करू नका, बाइट कसेही उलटेपालटे केले तरी शून्य शून्यच राहतं. १२३.४५६ टाका. त्याचे चारही बाइट वेगवेगळे आहेत, क्रम चुकला की लगेच कळतं. दोन रजिस्टरांची अदलाबदल झाली तर पडद्यावर सव्वीस आकडी ऋण संख्या येते. जिथे चिन्ह असू शकतं तिथे एक ऋण मूल्यही टाका. सेन्सरची वायर काढा आणि पलीकडे काय दिसतं ते बघा. जुनंच मूल्य गोठून राहिलं असेल तर हँडओव्हरच्या कागदावर सही करू नका.

उत्पादकांनी बाइटक्रम, चिन्ह, पट आणि एकक मॅन्युअलच्या पहिल्या पानांवर छापावं. खरेदी विभागानं प्रत्येक टॅगची अशी लेखी तपासणी निविदेतच मागावी आणि तिच्यासाठी वेळापत्रकात दिवस राखून ठेवावेत. कमिशनिंगची तारीख जवळ आली की सगळ्यात आधी कात्री लागते ती याच दिवसांना. ती लागू देऊ नका.