‘पंधरा दिवसांत दहा किलो’ची तक्रार कुठे करायची?

रीलवर ‘पंधरा दिवसांत दहा किलो कमी’ दिसलं की आपण हसून पुढे जातो. पण लठ्ठपणावर इलाज म्हणून औषधाची जाहिरात करायला १९५४ च्या ड्रग्ज अँड मॅजिक रेमेडीज कायद्यानं बंदीच आहे.

माझ्या मावशीनं अशीच ‘हर्बल’ पावडर मागवली. तिला आधीच बीपी, त्यात छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांकडे नेलं, आणि म्हटलं, डबा फेकू नकोस. अशा मालात कधीकधी सिब्युट्रामिन मिसळलेलं सापडतं. रक्तदाब वाढवणारं हे औषध भारतात २०११ पासून बंद आहे. म्हणजे डबा हाच पुरावा. बॅच नंबर, बिलही जपा. तो घेऊन अन्न व औषध प्रशासनाकडे जायचं.

पैसे परत हवेत? १९१५ वर फोन लावा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. ती कंपनीशी बोलते, शिक्षा करत नाही. नाहीच मिटलं तर ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही.

आणि जाहिरातीसाठी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरण. दंड १० लाखांपर्यंत, इन्फ्लुएन्सरलासुद्धा! रील उद्या डिलीट होईल, स्क्रीनशॉट आजच काढा. त्यात हँडल आणि तारीख दिसू द्या.